रेवताले दिसते

१९८१ सालच्या दिवाळीत भोजराज लांजेवार नागपूरहून सिहोऱ्याला आला, तेव्हा त्याची आंधळी बहीण अंगणात खाटेवर बसली होती आणि तिच्या डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा होता.

आईचा असेल, त्याला वाटलं. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पावसाळा सरता सरता तुमसरच्या शिबिरात झालं होतं, हे त्याच्या कानावर आलं होतं. जन्मापासून काही न दिसणाऱ्या पोरीला आईचा चष्मा लावून कोण थट्टा करतंय, या विचाराने त्याच्या कपाळावर आठी चढली. तो फाटक ढकलून आत आला.

रेवताने मान वळवली.

"पांढरं," ती म्हणाली. "पांढरं येऊन राह्यलं."

भोजराज होता तिथेच थबकला. त्याच्या अंगात पांढरा शर्ट होता.

"गेलं," ती म्हणाली. तिचा चेहरा इकडेतिकडे शोधू लागला. "भाऊ, तूच आहे ना? तुह्या चालण्याचा आवाज आला मले. थांबला काहून? चाल ना. तू थांबला तं दिसत नाही."

त्याच्या हातातली बॅग खाली पडली. मिठाईचा पुडा फुटून बुंदी अंगणभर पसरली, तरी त्याचं लक्ष गेलं नाही. तो एक पाऊल पुढे आला. रेवताचं तोंड त्याच्याबरोबर सरकलं. तो डावीकडे गेला. तिचं तोंड डावीकडे गेलं.

आई, देवकाबाई, स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. तिच्याही डोळ्यांवर तसाच चष्मा होता. मुलाचा पडलेला चेहरा पाहून ती घाबरी झाली.

"रागावू नको रे भोजराज," ती म्हणाली. "रेवताले दिसते."

भोजराज पायरीवर बसला. 

कुणाला वाटेल, बहिणीला दिसू लागलं तर माणूस आनंदाने नाचेल. पण भोजराज साधा भाऊ नव्हता. तो विद्यापीठात प्रोफेसर होता, आणि असं होऊच शकत नाही, हे सांगणं हेच त्याचं आयुष्यभराचं काम होतं.

त्या कामाची सुरुवातही रेवतापासूनच झाली होती. ती जन्मली तेव्हा तिच्या दोन्ही बुबुळांवर दुधासारखा पांढरा पडदा होता. दहा वर्षांचा भोजराज तिला कडेवर घेऊन फिरायचा आणि भेटेल त्याला विचारायचा की हिला दिसत का नाही. सिहोऱ्यात कुणी सांगू शकलं नाही. मग तो तुमसरला शिकला, नागपूरला शिकला, शिष्यवृत्ती मिळवून विलायतेला गेला. तिथे त्याला उत्तर मिळालं. डोळा नुसता उजेड आत घेतो. पाहतो तो मेंदू. आणि मेंदूचा हा पाहणारा भाग जन्मानंतरच्या पहिल्या थोड्या काळातच घडतो. त्या काळात डोळ्यातून काही आलं नाही, तर ती जागा ओसाड राहते किंवा दुसऱ्या कामाला लागते. नंतर डोळा कितीही स्वच्छ केला तरी उपयोग नाही. दार एकदा लागलं की लागलं.

हे त्याने स्वतःच्या हातांनी तपासलं होतं. मांजरीच्या पिल्लांचे डोळे उघडले की तो एका डोळ्याच्या पापण्यांना टाके घालून तो बंद करायचा. काही महिन्यांनी टाके काढले की डोळा ठणठणीत असायचा, पण पिल्लू त्या डोळ्याने आंधळं. परत आल्यावर नागपुरात त्याने हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर सुरू केला. त्याचे निबंध परदेशी छापून आले. त्याच्या वर्गात दुसऱ्या विभागांतली मुलंही येऊन बसायची.

विलायतेहून आला त्या साली आईने विचारलं होतं, "आता तं तू मोठा शिकून आला. रेवताच्या डोळ्याचं पाह्य ना."

"पडदा निघन, माय," तो म्हणाला होता. "पन तिले दिसन नाही. उमर निघून गेली."

रेवता तेव्हा वीस वर्षांची होती आणि शेजारीच तांदूळ पाखडत होती. तिने काही विचारलं नाही. घरात त्यानंतर तो विषय निघाला नाही.

आणि आता ती त्याच्या शर्टाचा रंग सांगत होती.

"झालं कसं?" त्याने आईला विचारलं.

देवकाबाईने सांगितलं. शिबिर तुमसरच्या शाळेत होतं. तिचं स्वतःचं दिसणं इतकं मंदावलं होतं की एसटीच्या पायऱ्या रेवतानेच तिला हात धरून चढवल्या. तपासायला डॉक्टर जागेश्वर म्हणून होते. त्यांनी आईचा डोळा पाहिला आणि मग सोबतच्या पोरीकडे लक्ष गेलं. त्यांनी तिच्या डोळ्यावर बॅटरी मारली. रेवताने उजेडाकडे तोंड वळवलं.

"हिले उजेड कळते," डॉक्टर म्हणाले. "हिचं अजून कोणी केलं कसं नाही?"

"माहा पोरगा प्रोफेसर आहे," आईने सांगितलं. "तो म्हनते, उपेग नाही."

"तो प्रोफेसर आहे, मी कारागीर," डॉक्टर म्हणाले. "मोतीबिंदू दिसला तं मी काढतो. पुढचं मले ठाऊक नाही."

आई काही बोलायच्या आत रेवता म्हणाली होती, "काढा."

भोजराज उठला. त्याने घडवंचीवरचा पितळी गडवा उचलला आणि तिच्यासमोर धरला.

"हे काय आहे?"

रेवता टक लावून पाहत राहिली. "चमकते."

"काय चमकते?"

"ते नाही सांगता येत. हातात दे."

त्याने गडवा तिच्या हातात दिला. बोटं टेकताच ती म्हणाली, "गडवा!" आणि मग चष्मा अगदी जवळ नेऊन ती त्या चकाकीकडे पाहू लागली. हाताला ठाऊक असलेली वस्तू आणि डोळ्यापुढची चकाकी एकच आहे, यावर तिचा विश्वासच बसत नव्हता.

त्याने बोटं मोजायला सांगितली. तिला मोजता आली नाहीत. त्याने खाट, माठ, पायरी दाखवली. एकही ओळखता आली नाही. रंग दिसतो, हालचाल कळते, आकार कळत नाही. म्हणजे शास्त्र खोटं ठरलेलं नव्हतं. त्याला हायसं वाटलं. आणि बहिणीला गडवा ओळखता आला नाही म्हणून आपल्याला हायसं वाटलं, हे ध्यानात येताच त्याला स्वतःची लाज वाटली.

दुपारी जेवताना रेवताने पट्टी सुटली त्या दिवसाचं सांगितलं. डॉक्टरांनी आधी एकाच डोळ्याचं ऑपरेशन केलं होतं.

"डाक्टर म्हने, पाह्य, तुही माय समोर आहे. मले काय ठाऊक माय कशी दिसते? समोर काहीतरी लाल-काळं उघडे आन् बंद होये. त्यातून मायचा आवाज ये. मी किंचाळली."

"ते माहं तोंड होतं," देवकाबाई म्हणाली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "माह्या तोंडाले भेली माही पोरगी."

"हाताले तं माय नरम लागे," रेवता म्हणाली. "हे असं हालणारं भोक असन, मले कोणं सांगितलं होतं?"

या नव्या दिसण्याचं तिला काही सुख नव्हतं. आधी ती विहिरीपर्यंत बिनधास्त जायची. आता निंबाची सावली आडवी आली की खड्डा समजून थांबायची. सगळे रंग डोळ्यावर येऊन आदळतात, असं म्हणायची. डोकं दुखायचं, ओकारी यायची. घरात ती चष्मा काढून ठेवायची आणि मग सुटल्यासारखी भराभर कामं करायची.

दुसऱ्या दिवशी भोजराजने पुठ्ठे कापून त्यांवर गोल, चौकोन, त्रिकोण काढले आणि तिला समोर बसवलं. तिसऱ्या दिवशीही बसवलं. ती चुकत होती, तो लिहून घेत होता. शेवटी रेवताने त्याच्या हातातले पुठ्ठे ओढले आणि अंगणात भिरकावले.

"मी तुहं मांजर नोहो, भाऊ."

पुठ्ठे गोळा करून त्याने बॅगेत भरले. निघताना आईला मात्र बजावलं, "दुसऱ्या डोळ्याले हात लावू देऊ नको. उगीच तिचे हाल कायले करता?"

नागपूरला पोचल्यावर त्याने निबंध लिहिला. जन्मांध स्त्री, वय सत्तावीस, शस्त्रक्रिया यशस्वी. रंग व हालचाल यांचं ज्ञान, आकृतीचं ज्ञान नाही. मेंदू बदलत नाही. बहीण असल्याचा उल्लेख त्याने केला नाही. निबंध परदेशी पाठवून तो आपल्या पिल्लांकडे वळला.

होळीच्या सुटीत तो पुन्हा गावी आला. घरात आई एकटीच होती.

"रेवता कुठं आहे?"

"म्हशी घेऊन गेली तलावाकडं."

"कोणासंग?"

"कोणासंग म्हन्जे? म्हशीसंग."

भोजराज चपला तिथेच टाकून धावला. सावलीला खड्डा समजणारी बहीण म्हशींच्या पायात आणि तलावाच्या काठाला! तलावाच्या बांधावर, पाळीवर, चढला तेव्हा त्याला धाप लागली होती. खाली पाणी ओसरलेल्या गाळपेरात तीन-चार घरांच्या म्हशी एकत्र झाल्या होत्या, आणि त्यांच्या मागून काठी घेतलेली रेवता येत होती. जाड चष्म्याच्या काचा उन्हात लखलखत होत्या. तिने एका म्हशीच्या पाठीवर काठी ठेवून तिला कळपाबाहेर काढलं.

"हे आपली नोहोय," ती तिथे गवत कापत असलेल्या बाईला म्हणाली. "हे तुही बांडी आहे, कुंताबाई. ने व बाई, तुही तू."

बांडी म्हणजे शेपूट तुटलेली. म्हैस उभी होती, आणि तिचं शेपूट नाही हे रेवताने पाहिलं होतं.

भोजराज अनवाणी होता, वारा तलावाकडून येत होता, त्याच्या अंगाचा वासही तिच्यापर्यंत पोचणार नव्हता. तो झाडासारखा स्तब्ध उभा राहिला. ती म्हशींच्या मागून पाळ चढून आली, त्याच्यापाशी आली आणि थांबली. तिने मान डावीकडे कलवली, मग उजवीकडे. पुन्हा डावीकडे.

"भाऊ?" ती म्हणाली.

तो तिच्या चष्म्याकडे पाहत राहिला.

"बोलत काहून नाही? तूच आहे. डोक्शावर केस नाही तुह्या, ऊन चमकून राह्यलं."

तो मटकन पाळीवरच्या गवतात बसला. हसावं की रडावं हे त्याला कळेना. रेवता शेजारी बसली, आणि तिने त्याला जे सांगितलं, ते त्याने आजवर कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

"पयले सारं एकमेकाले चिपकून राहे," ती म्हणाली. "झाड कुठं सरते आन् म्हैस कुठं लागते, काही समजे नाही. मंग एक दिवस म्हैस उठली. तिच्यासंग तिचे शिंगं, पाठ, पाय, सारं एकदम उठलं. मागचं हिरवं मात्र तिथंच राह्यलं. तवा माह्या ध्यानात आलं. जे संग चालते, ते एक."

"आन् उभी राह्यली तं?"

"पयले उभी राह्यली का गायब होये. मंग मी मान हालवाले लागली. मी हालली का जवळचं जास्त सरकते आन् दूरचं कमी सरकते. मंग ते अलग निघते." तिने म्हशींकडे पाहिलं. "आता तं मान नाही हालवली तरी दिसते कधी कधी. बसलेली म्हैस बी दिसते."

दिवाळीत जे दिसत नव्हतं ते होळीला दिसत होतं. डोळा तोच होता, चष्मा तोच होता. बदलला होता तो मेंदू. अठ्ठाविसाव्या वर्षाला टेकलेला मेंदू. त्याने तिला पुठ्ठ्यावरचे आकार दाखवले होते ते स्थिर धरून, आणि तिला काही दिसत नाही असं लिहून टाकलं होतं. पुठ्ठा हलवून पाहावा, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी त्याने तेच पुठ्ठे दोरीने आढ्याला टांगले आणि झोका दिला. रेवता या वेळी रागावली नाही. तिलाही कुतूहल होतं. झुलता गोल तिने झटकन ओळखला, झुलता त्रिकोणही. झोका थांबल्यावर वेळ लागला, पण ओळखले.

देवकाबाई दारात उभी राहून पाहत होती. "आता तं खरं वाटते ना?" तिने विचारलं.

"नाही वाटत, माय," भोजराज म्हणाला. तो खरंच बोलत होता.

नागपूरला परतल्यावर त्याने तार करून आपला निबंध मागे घेतला. विभागप्रमुख पुंडलिकराव, ज्यांनी त्याला तिथे आणलं होतं, त्यांनी त्याला बोलावून घेतलं, तेव्हा निबंधातली स्त्री आपली बहीण असल्याचं त्याने सांगून टाकलं. ते वयस्क होते, शांत होते आणि भोजराजवर त्यांचा जीव होता.

"एका बहिणीवरून शास्त्र बदलत नाही, भोजराज."

"मग किती बहिणी लागतील, सर?"

"बहिणी नकोतच. तिला लहानपणी थोडं दिसत असेल, तुझ्या लक्षात आलं नसेल. तू भाऊ आहेस, तुझं पाहणंही धरता येणार नाही. अनोळखी माणसं आण. आणि तोवर प्रयोगशाळेतलं काम थांबवू नकोस."

त्यांचं बोलणं रास्त होतं. भोजराजने काम थांबवलं नाही. ते थांबलं वैशाखात, रेवता चष्म्याचा नंबर तपासायला नागपूरला आली तेव्हा.

"तुही मांजरं दाखव," ती म्हणाली.

त्याने टाळायचा प्रयत्न केला, पण ती ऐकेना. दुपारी प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. एका पिंजऱ्यातून एक करडं पिल्लू दाराशी आलं, आणि ते चालत होतं म्हणून रेवताला ते लगेच दिसलं. ती खाली बसली. जाळीचं दार उघडून तिने त्याला उचललं आणि चष्म्यापाशी आणलं.

"याले एक डोळा नाही?"

तिने बोट फिरवलं. बोटाला दोरा लागला.

"हे टाके आहेत."

"हो."

"कोणं घातले?"

"मी घातले."

रेवताला माहीत होतं की भाऊ मांजरांवर काहीतरी करतो. पण हे करतो, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. ती ओरडली नाही. पिल्लाला छातीशी धरून ती बराच वेळ तशीच बसून राहिली.

"टाके काढल्यावर काय करतं तू याले?" तिने शेवटी विचारलं.

"डोळ्यासमोर उजेड धरून पाहातो, मेंदू जागा होते का नाही."

"मंग?"

"मंग... मारावं लागते. मेंदू कापून पाहावा लागते."

"हिंडू नाही देत? चार-सहा महिने?"

"नाही."

"मंग तुले कसं ठाऊक, का त्याले कधीच दिसन नाही म्हणून?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न भोजराजला कुणी विचारला नव्हता. विद्यार्थ्यांनी नाही, पुंडलिकरावांनी नाही, विलायतेतल्या मोठ्या लोकांनी नाही. त्याने स्वतःलाही विचारला नव्हता. दार लागलंय असं तो म्हणत आला होता, आणि दार लागलंय हे पाहून लगेच घर पाडत आला होता.

त्याच दिवशी त्याने पिल्लांचे टाके काढले. नवे घातले नाहीत, पुढे कधीच नाहीत. ती पिल्लं त्याने मागच्या मोकळ्या खोलीत हिंडू-खेळू दिली. काहींना त्या डोळ्याने थोडंफार दिसू लागलं, काहींना शेवटपर्यंत लागलं नाही. पुंडलिकराव नाराज झाले. भोजराजची बढती तेवढ्यावरून लांबली, आणि त्याने ती मागायलाही जाणं सोडलं.

पुढची दोन वर्षं तो अनोळखी माणसं शोधत भंडारा जिल्ह्यात फिरला. दर सुटीत एसटीने निघायचं, उतरायचं आणि विचारत जायचं: तुमच्या गावात जन्मापासून आंधळं कोणी आहे का? त्याला वाटलं होतं, एखाद-दुसरं भेटेल. पण कुठे गोठ्याशेजारच्या खोलीत, कुठे धानाच्या कोठीपाशी अशी पांढऱ्या बुबुळांची माणसं बसलेली निघाली. त्यांना शिबिराला कुणी नेलंच नव्हतं. आता उमर गेली, उपेग नाही, असं घरच्यांनी कुठेतरी ऐकलेलं होतं. भोजराज ते वाक्य ऐकायचा आणि त्याला त्यात आपलाच आवाज ऐकू यायचा.

लाखांदूरकडच्या एका गावात त्याला भैयालाल भेटला. तो चाळिशीचा होता, तलावावर मासेमारी करणाऱ्या घरातला. जन्मांध होता, पण त्याने विणलेलं जाळं घ्यायला लांबून लोक यायचे. बायको बायाबाई मासळी विकायची. दोघांचं चांगलं चाललं होतं. भोजराजने त्याला रेवताची सगळी हकिगत सांगितली.

"मले दिसन?" भैयालालने विचारलं.

"दिसन," भोजराज म्हणाला.

डॉक्टर जागेश्वरांनी ऑपरेशन केलं. पट्टी सुटली तेव्हा भैयालाल किंचाळला नाही. तो नुसता बसून राहिला, आणि त्यानंतर कित्येक महिने बसूनच राहिला. उजेड डोळ्यात घुसायचा आणि त्याची बोटं गाठी चुकायची. जाळं बिघडायचं. म्हैस उठली काय, बसली काय, त्याला सगळा चिखलच दिसायचा. भोजराजने झुलते पुठ्ठे टांगले, दिवे फिरवले, बायाबाईला रंगीत लुगडं नेसून अंगणात चालायला लावलं. काही उपयोग झाला नाही.

एके दिवशी भोजराज पुठ्ठा टांगत असताना भैयालाल उठला आणि त्याने चाचपडत त्याची कॉलर धरली.

"कायले आणलं मले या उजेडात?" तो ओरडला. "अंधारात मी कोणाचा मिंधा नव्हतो! माहे हात होते. तू माहे हात नेले!"

बायाबाईने त्याला आवरलं. भोजराज बसस्टँडपर्यंत कसा आला, ते त्याला आठवत नव्हतं. ज्याला दिसणार नाही म्हणून सांगितलं त्याला दिसलं, आणि ज्याला दिसेल म्हणून शब्द दिला त्याला दिसलं नाही. त्याला वाटलं, आपल्याला या विषयातलं अक्षरही कळत नाही.

रेवताने हे ऐकलं तेव्हा ती त्याच्यासोबत लाखांदूरला आली आणि बायाबाईकडे आठवडाभर राहिली. एव्हाना तिच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं होतं. ती म्हशींचं दूध तुमसरच्या हॉटेलांना घालत होती, एकटी एसटीने येत-जात होती. तिने भैयालालला शिकवायचा प्रयत्न केलाच, पण जास्त वेळ ती नुसती बोलत बसायची. ओकारी येते का, सावली खड्ड्यासारखी वाटते का, माणसाच्या तोंडाचं भ्या वाटते का. भैयालालला हे विचारणारं आजवर कुणी नव्हतं. तो हळूहळू बोलू लागला. दिसणं मात्र तसंच राहिलं. शेवटी तिनेच त्याला सांगितलं, "विणाले बसला का चष्मा काढून ठेवत जा. कोणाच्या बापाचं भेव आहे?" भैयालालची बोटं पुन्हा चालू लागली.

परतताना एसटीत ती भोजराजला म्हणाली, "साऱ्याइले सारखं नाही होत, भाऊ. पयले तू म्हने, कोणालेच नाही. आता म्हनतं, साऱ्याइले."

भोजराज खिडकीबाहेरच्या धानाच्या बांध्यांकडे पाहत राहिला. पुढच्या सगळ्या निबंधांत त्याने हेच मांडलं, शास्त्राच्या भाषेत. कोणाचा मेंदू किती बदलेल हे वयावरून सांगता येत नाही. पण उमर गेली म्हणून दार लावून घेण्याचा हक्क कुणाला नाही, आणि उघडेलच असा शब्द देण्याचाही नाही. काहींनी ते मानलं. पुष्कळांनी मानलं नाही. पुंडलिकरावांनी निवृत्त होण्याआधी त्यांतला सर्वांत मोठा निबंध हस्तलिखितातच वाचला आणि एवढंच म्हणाले, "भैयालालचं लिहिलंस हे बरं केलंस."

तो निबंध १९८६ मध्ये छापायला जायच्या आधी भोजराज शेवटची तपासणी करायला लाखांदूरला गेला. दिवस मावळतीला आला होता. बायाबाईने तलावाकडे बोट दाखवलं. भैयालाल काठावरच्या दगडावर बसला होता. जाळं बाजूला पडलं होतं. डोळ्यांवर चष्मा होता.

भोजराज चकित झाला. "काही दिसाले लागलं का, भैयालाल?"

"नाही जी."

"म्हैस? माणूस?"

"काही नाही. तसंच आहे सारं."

"मंग चष्मा कायले लावला?"

भैयालालने पाण्याकडे हात केला. "हे लाल पाहाले."

सूर्य टेकला होता आणि अख्खा तलाव तांबडा झाला होता.

"माहा बाप सांगे, सांजेले पाणी लाल होते म्हणून," तो म्हणाला. "मी म्हनो, असन. लाल म्हन्जे एक शब्द आहे, असंच वाटे मले. हे असं असते, हे मले कोणंच नाही सांगितलं." तो खुळ्यासारखा हसला. "रोज पाहातो. रोज दिलाले धक्का बसते, जी."

भोजराजने बॅगेतले पुठ्ठे बाहेर काढले नाहीत. तो त्याच्या शेजारच्या दगडावर बसला आणि पाण्याकडे पाहू लागला. बऱ्याच वेळाने तांबडं विझलं. भैयालालने चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि खिशात ठेवला.

"झालं आजचं," तो म्हणाला. "चला, बायाबाईनं मासळी रांधली असन."